आहाराची वही आणि आहाराची सवय

(समाजाच्या नांदेड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मेळाव्यात विद्या, विवाह आणि वसतिगृह या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज जेवणावर बोलणार आहे, आणि तेही पंगतीची वेळ जवळ आली असताना. याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. परंतु विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठा ओलांडून आत गेलेल्यांपैकी मी एक आहे, म्हणूनच बोलण्याचे धाडस करतो.

महात्मा बसवेश्वरांनी आपल्याला कायक आणि दासोह अशी दोन तत्त्वे दिली. आपल्यापैकी पुष्कळांचे शेत सुटले, नोकरी बसून करण्याची आली, निवृत्तीनंतर तर बसणे हीच नोकरी झाली. म्हणजे कायक सुटले आणि दासोह तेवढा राहिला! रोगाचे सगळे मूळ यातच आहे असे नव्हे. आनुवंशिकता आणि इतरही कारणे आहेत. पण जे आपल्या हाती आहे, ते एवढेच आहे.

आता तरुण मंडळी यावर भ्रमणध्वनीतील अ‍ॅप सुचवितात. ही अ‍ॅप साधारणतः दोन जातींची असतात. पहिली मोजणारी. काय व किती खाल्ले ते लिहावे, की ते उष्मांक, प्रथिने, स्निग्धे यांचा हिशेब मांडते. अमेरिकेत २००५ साली निघालेले मायफिटनेसपाल आणि बंगळूरात २०१२ साली सुरू झालेले हेल्दीफायमी यांची ख्याती अशा हिशेबामुळे झाली. दुसरी जात सवयीकडे पाहणारी. केव्हा खाल्ले, भूक होती की नुसता कंटाळा आला होता, समोर कोण बसले होते, असे ती विचारते आणि रोज एखादा लहान पाठ देते. अमेरिकेतील नूम हे याचे प्रसिद्ध उदाहरण. तेही मोजणी अजिबात सोडीत नाही, पण भर मनाच्या वळणावर देते. यांतले कोणते घ्यावे, हा आजचा प्रश्न.

मोजणीचे शास्त्र आपल्याला परके नाही. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतून डॉ. एक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. तीच संस्था १९५८ साली हैदराबादेस आली, आणि राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने तिने २०१७ साली ५२८ पदार्थांची नवी कोष्टके काढली. त्यांचा उपयोग मोठा आहे. माझ्या रक्ताचा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ७.४ आला, तेव्हा नांदेडच्या पुतण्याने माझ्या हाती मोजणारे अ‍ॅप दिले. पहिल्या पंधरवड्यातच मला कळले की माझा वैरी भाकरी नसून तिच्यासोबतची शेंगदाण्याची चटणी व तिच्यावरचे तेल आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५ उष्मांक, तर तितक्याच शेंगदाण्यांत सुमारे ५२०. चाळीस वर्षे मुलांना गणित शिकविले, पण स्वतःच्या ताटाचा त्रैराशिक कधी मांडला नव्हता.

मग मार्गशीर्षातील अमावास्या आली. येळवस म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगणे नलगे. औशाजवळ थोरल्या भावाच्या शेतात कडब्याची कोप उभी राहिली, पांडवांची पूजा झाली, आणि भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे वाढण्यात आले. मी अ‍ॅप उघडले. त्यात भज्जी नव्हती. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाल, पालेभाज्या, ताक, बेसन असे वेगवेगळे लिहू लागलो. कोष्टक कच्च्या जिनसांचे, ताटात आलेला पदार्थ शिजलेला, आणि पातेले चाळीस माणसांचे. माझ्या वाट्याला काय आले ते ब्रह्मदेवालाही सांगता येईना. शेवटी मी उंडा बाजूला सारला. तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भावजी, आता मोबाईलला इचारून जेवनार का तुमी?” सारे हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. पहाटे तीनपासून चुलीपुढे बसलेल्या त्या माउलीचे तोंड मला अजून दिसते.

याहून वाईट गोष्ट पुढे घडली. ज्या दिवशी अधिक खाणे होई, त्या दिवशी मी नोंदच करीनासा झालो. कमी गुण पडले की प्रगतिपुस्तक दप्तरात दडविणारी मुले मी जन्मभर पाहिली; साठी उलटल्यावर मी तेच करू लागलो. वही स्वच्छ राहिली, साखर मात्र वाढत राहिली.

नंतर सवयीचे अ‍ॅप घेतले. त्यातून निघाले ते असे की सायंकाळी पाच वाजता मित्राच्या दुकानात बसल्यावर मी भूक नसताना फरसाण खातो, आणि रात्री साडेनऊला दूरचित्रवाणीसमोर जेवतो. मी बैठकीची जागा बदलली, जेवण साडेसातला आणले, फिरणे सुरू केले. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवल्या. सहा महिन्यांनी आकडा ६.६ झाला. यश कशाचे किती, हे मी सांगू शकत नाही; पण खोटी वही मात्र बंद झाली.

या बाबतीत लातूरचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेऊन तो महाराष्ट्रभर पोहोचविला. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपावे, आणि ४५ मिनिटे चालावे. घासाघासाची मोजणी त्यात नाही. ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या तज्ज्ञांचे मत याहून निराळे आहे, आणि त्या वादात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. मला त्यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते: तो मार्ग सवयीचा असूनही आरंभी व पुढे ठरावीक काळाने रक्त तपासण्यास सांगतो. संख्या तेथेही आहे. फक्त ती ताटात बसलेली नाही.

तेव्हा माझे मत असे. जेवणात काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने महिनाभर मोजणारे अ‍ॅप वापरावे, शिकावे आणि बाजूस ठेवावे. ज्याला सर्व ठाऊक असूनही हात आवरत नाही, त्याने सवयीचे घ्यावे. आणि आपण बहुतेक या दुसऱ्या वर्गातले आहोत. जो इन्सुलिन घेतो, त्याला डॉक्टरांनी सांगितली असेल तर मोजणी सोडता येणार नाही. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता जेवणे कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच. वाढत्या वयाच्या मुलींच्या हाती उष्मांकांचा काटा देऊ नये. अन्नाचे भय बसले की ते लवकर जात नाही. आपल्या घरांतील स्त्रियांच्या बाबतीत तर हा काटा फसवाच ठरेल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मागे उरलेले चतकोर खाऊन उठणारीचे उष्मांक कमी भरतील, आणि यंत्र तिला शाबासकी देईल!

शेवटी एक विनंती. आपल्याकडे प्रसादाचा कणही टाकू नये अशी शिस्त आहे, आणि दुसरीकडे आग्रहाची रीत आहे. एक म्हणते टाकू नको, दुसरी म्हणते आणखी घे. या दोहोंच्या कात्रीत पोट सापडते. शिस्त पवित्र आहे, ती राहावी. आग्रह सोडावा. आजच्या पंगतीत कोणी ‘पुरे’ म्हटले की वाढप्याने पुढे सरकावे, आणि पहिली पंगत भगिनींची बसवावी. एवढे झाले तर कोणत्याही अ‍ॅपवाचून आपले निम्मे काम होईल.

वहिनींच्या शेतात या वर्षी मी पुन्हा गेलो होतो. एक उंडा, एक वाटी भज्जी, आंबील पोटभर. भ्रमणध्वनी खिशात होता.