भावंडांतील अंतर आणि घरातील जिव्हाळा

(निपाणी परिसरातील अंगणवाडी सेविका, शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन मुलांमध्ये किती वर्षांचे अंतर असावे, हा प्रश्न माता-बालसंगोपनाचे कार्य करणाऱ्यांना नेहमी विचारला जातो. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे उत्तर ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने, एका बाळंतपणानंतर पुढील गर्भ राहण्यापूर्वी किमान २४ महिने जावेत, अशी शिफारस केली. म्हणजे दोन भावंडांत निदान पावणेतीन वर्षांचे अंतर पडते. मातेच्या शरीराची झीज भरून येण्यास आणि तान्ह्या मुलास अंगावरचे दूध पुरेसे मिळण्यास तेवढा अवधी हवाच. परंतु पालकांच्या मनात याच्याच जोडीला दुसरा एक प्रश्न असतो. किती अंतर ठेवले म्हणजे भावंडांचे आपसांत चांगले पटेल? त्याचे उत्तर वर्षांच्या हिशेबात सापडत नाही, हेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

अंतर थोडे असले की मुले बरोबरीने खेळतात आणि भांडतातही. भोवरा एक, पाटावरची जागा एक आणि आईची मांडीही एकच. अंतर सात-आठ वर्षांचे असले की भांडण कमी होते, माया पुष्कळ असते. परंतु सवंगडीपण येत नाही. दोन्ही प्रकारांत काही लाभ आहे, काही उणीवही आहे.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे ज्युडी डन व कॅरल केन्ड्रिक या दोन अभ्यासिकांनी ४० कुटुंबांचे निरीक्षण केले. दुसरे मूल जन्मण्यापूर्वीपासून त्या या घरांत जात होत्या. १९८२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भावंडांचा स्नेह वयातील अंतरावर ठरतो, असे त्यांना आढळले नाही. ज्या आया थोरल्या मुलाशी बाळाविषयी बोलत, ‘बाळ का रडते आहे, त्याला काय हवे असेल’ असे त्याला विचारीत, त्या घरांतील मुले पुढे एकमेकांशी अधिक स्नेहाने वागू लागली. बाळ हेही आपल्यासारखेच माणूस आहे, हे थोरल्याला कोणीतरी सांगावे लागते, असा याचा अर्थ.

आपल्या परंपरेतही हे दिसते. प्रचलित मताप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ मधील, ज्ञानेश्वरांचा ११९७, सोपानदेवांचा ११९९ आणि मुक्ताबाईंचा १२०१ मधील. चौघांत दोन-दोन वर्षांचेच अंतर. निवृत्तिनाथ थोरले आणि ज्ञानेश्वरांचे गुरूही. परंतु ज्ञानेश्वर खिन्न होऊन ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत घातली ती सर्वांत धाकट्या मुक्ताबाईने, असे परंपरा सांगते. शहाणपण वयाच्या उतरंडीनेच खाली येते असे नाही. धाकट्याचेही ऐकून घेणाऱ्या घरात ते वरही जाते.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. बेळगाव-निपाणीकडील मराठी घरांत ताई-दादा यांच्याबरोबरच अक्का आणि अण्णा हे शब्दही रुळलेले आहेत. कन्नडमध्ये थोरल्यांना अक्का व अण्णा म्हणतात, तसेच धाकट्यांसाठीही तंगी व तम्मा हे स्वतंत्र शब्द आहेत. आपण मराठीत थोरलेपणाची नावे आवडीने घेतली; धाकट्यांना मात्र नावानेच हाक मारतो. थोरलेपण हा आपल्याकडे मान आहे. परंतु मानाबरोबर काम येते आणि ते काम बहुतेक वेळा अक्काच्या वाट्याला येते.

निपाणीचा परिसर तंबाखूसाठी ओळखला जातो. तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या धंद्यात येथील असंख्य स्त्रियांचे आयुष्य गेले आहे. विडीची मजुरी हजारावर मिळते. आईचे हात थांबले की मजुरी थांबते. म्हणून रडणारे मूल उचलण्यास दुसरे हात लागतात, आणि ते दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे असतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्याच्या जागेत पाळणाघराची तरतूद केली होती. परंतु घरी बसून विडी वळणाऱ्या आईला तिचा उपयोग नव्हता. तिच्या घरातील पाळणाघर म्हणजे थोरली मुलगीच.

अशा घरी भावंडांत आठ वर्षांचे अंतर पडले, तर ‘बरे झाले, सांभाळायला अक्का आहे’ असे आपण सहज म्हणतो. या एका वाक्यात त्या मुलीची शाळा बुडण्याचा धोका असतो. आधी आठवड्यातील एखादा दिवस चुकतो, मग परीक्षेचे दिवस चुकतात, आणि मग नावच कमी होते. भावाला कडेवर घेणे हा आनंद आहे. त्याच्यापायी पाटी सुटणे हा आनंद नव्हे. जिचे शिक्षण धाकट्यांसाठी थांबले, तिच्या मनात मायेबरोबर एक अढीही राहते. पुढे मोठेपणी लहानशा कारणावरून ती वर येते आणि घरच्यांना तिचे मूळ कळत नाही.

दुसरी गोष्ट शाळेच्या माध्यमाची. थोरली मराठी शाळेत शिकली आणि धाकटा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेला, अशी घरे आपल्या भागात आहेत. वयाच्या अंतरात तेथे भाषेच्या अंतराची भर पडते. थोरलीला धाकट्याचा अभ्यास घेता येत नाही आणि धाकट्याला तिचे ज्ञान कमी वाटू लागते. पालकांनी माध्यम हवे ते निवडावे. परंतु रात्रीची गोष्ट सर्व मुलांना एकत्र बसवून, घरच्या भाषेत सांगावी.

कर्नाटकात १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत दर स्त्रीमागे सुमारे २.९ मुले असे प्रमाण होते; २०१९-२१ च्या पाहणीत ते १.७ वर आले. आज पुष्कळ घरांत दोनच भावंडे असतात. एकाशी अबोला धरून दुसऱ्याकडे जाण्याची सोय आता उरलेली नाही. म्हणून त्या दोघांतील नाते अधिक जपावे लागते.

यासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली पालकांना: थोरल्या मुलाला बाळाविषयी सांगा, त्याचे मत विचारा, आणि दोघांची तुलना चारचौघांत करू नका. दुसरी अंगणवाडी सेविकांना: १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात, परंतु तीन वर्षांखालील मूल कोण सांभाळते, हे घरभेटीत आवर्जून विचारा. राज्यशासनाने २०२३ मध्ये ग्रामपंचायतींमार्फत ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, ही शिशुगृहांची योजना हाती घेतली; आपल्या गावी तिचा लाभ कोणाला मिळू शकतो, याची चौकशी करा. तिसरी शिक्षकांना: थोरली मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली, तर घरी तान्हे मूल आहे काय, हे प्रथम पाहा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा २०१० पासून त्यांचा कायदेशीर हक्क आहे, आणि तो अक्कालाही तितकाच लागू आहे.

दोन मुलांत किती अंतर ठेवावे, हे आईची प्रकृती पाहून ठरवावे. त्या अंतराचा भार मात्र थोरल्या लेकरावर टाकू नये. अक्काला अक्काच राहू द्यावे, तिला आई करू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.