नोकरी धरावी की सोडावी?

(विहाराच्या वर्धापनदिनी पिंपळगाव राजा येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो तरुणांच्या नोकरीचा आणि त्यांच्या मनातल्या ओढीचा. हा वाद आपल्या घराघरात रोज चाललेला आहे. आई म्हणते, "किती दिवस पुस्तकं चाळशीन बाप्पा? खामगावले काही भेटते का पाय." आणि पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराला वाटते, घरच्यांना आपले काही कळतच नाही. आम्हाला दोघांचेही म्हणणे खरे वाटते.

आई चुकत नाही. दर महिन्याला येणारा पगार ही गोष्ट आपल्या समाजात फार उशिरा आली. घरातला एक माणूस मास्तर झाला, रेल्वेत किंवा एस. टी.त लागला, की भावंडे शिकली, बहिणीचे लग्न झाले, कुडाचे घर विटांचे झाले. पण ती नोकरीच आता पूर्वीची राहिली नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारात नव्याने लागणाऱ्यांसाठी जुन्या पेन्शनची रीत बदलली. सप्टेंबर २०२३ मध्ये खाजगी एजन्सीमार्फत कंत्राटी माणसे भरण्याचा शासन निर्णय निघाला. ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. निर्णय गेला, पण कंत्राटी कामे होती ती आहेतच. तेव्हा 'एकदा चिकटला की सुटलो' हा हिशेब आता जमत नाही.

मग काय करायचे? आम्ही बाबासाहेबांकडे पाहतो. त्यांच्या अठरा अठरा तासांच्या अभ्यासाची गोष्ट प्रत्येक जयंतीला सांगितली जाते. त्यांच्या पगाराची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ती ऐका.

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली अमेरिकेला गेले. तिथून लंडनला गेले, पण मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अर्धवट शिक्षण टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना परत येऊन शिक्षण पुरे करण्यासाठी ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांची सवलत दिली होती. करारामुळे बडोद्याची नोकरी धरली. तिथे राहायला जागा मिळेना, शिपाई लांबून कागद फेकत. ती सुटली. मुंबईत शिकवण्या केल्या, शेअरबाजाराचा सल्ला देण्याचे काम काढले, तर जात कळताच गिऱ्हाईक बंद झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

आपल्यापैकी कोणी असता तर म्हणाला असता, आता बस्स. बाबासाहेब मात्र परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. घरखर्चाला ठराविक रक्कम रमाईच्या हाती द्यायची आणि बाकीची लंडनसाठी बाजूला टाकायची. त्यांनी नोकरीला तुच्छ मानले नाही. मन लावून असे शिकवले की दुसऱ्या कॉलेजांतली मुले त्यांच्या तासाला येऊन बसत. पण नोकरी कशासाठी आणि कधीपर्यंत, हे त्यांच्या मनात पक्के होते. मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. हाती शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले होते. सवलतीची चार वर्षे संपायच्या आत ते लंडनला पोहोचले.

आणि मागे रमाई राहिली. तुटपुंज्या पैशांत तिने चाळीतला संसार ओढला. माताभगिनींनो, घरातला एक जण पुढे जातो तेव्हा त्याची किंमत दुसरे कोणीतरी मोजत असते. म्हणून राजीनाम्याचा कागद लिहिण्याआधी घरातल्या बाईशी बोलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९२३ मध्ये परत आल्यावर वकिली सुरू केली. सुरुवातीला पक्षकार कुठले? म्हणून १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ कायदा शिकवला. त्याच काळात बहिष्कृत हितकारिणी सभा चालू होती, त्याच काळात महाडचा सत्याग्रह झाला. एवढ्या मोठ्या माणसाला अर्धवेळ शिकवण्याची लाज वाटली नाही. आपल्या पोराला खामगावच्या दुकानात हिशेब लिहीत अभ्यास करायला लाज का वाटावी?

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या गृहस्थाला चार गोष्टी सांगितल्या आहेत: कष्टाने कमवावे, कमावलेले राखावे, चांगल्या माणसांची संगत धरावी आणि जमाखर्चाचा मेळ ठेवावा. त्यांना पालीत उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता म्हणतात. चारही सिडनहॅमच्या त्या दिवसांत दिसतात. भथेना हे तर कल्याणमित्रच. आपल्याकडे तिसरीची टंचाई आहे. लग्नाला उसने मिळतात, परीक्षेच्या फीला मागितले तर माणसे खाली पाहतात.

तेव्हा पुण्याला जाणाऱ्या पोरांनो, जाण्याआधी घरच्यांसोबत बसून कागदावर मांडा: किती वर्षे, किती पैसे, आणि नाही जमले तर कोणते काम. आणि आईबापांनो, ती मुदत ठरली की मध्येच दर सणाला विचारू नका. मुलींनाही तेवढीच मुदत द्या. त्यांची एका वर्षात आटोपते हे आम्ही पाहतो.

बार्टीचे प्रशिक्षण, स्वाधार योजना, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, यांची माहिती ज्यांना हवी असेल त्यांनी भोजनदानानंतर थांबावे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जवळ असेल तर सोबत आणावा. आम्ही इथेच, बोधिवृक्षाच्या पारावर बसणार आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!