परिचारिकेची पदवी आणि बँकेचा हप्ता



या व्यासपीठावरून संतांची वाणी होते, इतिहास होतो, आकाशातील ताऱ्यांचाही हिशेब होतो. घरातील पैशांचा हिशेब मात्र आपण घरातच, तोही दार लोटून, करतो. आज तो आम्ही चारचौघांत मांडणार आहोत. बारावीचा निकाल लागला म्हणजे या गावात, आणि बेडग-मालगावपासून पलीकडे कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत, शेकडो घरांत एकच प्रश्न निघतो: मुलीला नर्सिंगला घालावयाचे, तर कोणत्या अभ्यासक्रमाला, आणि कर्ज किती काढून?

मिरजेने हा प्रश्न इतर गावांपेक्षा नीट सोडवावयास हवा. मिरजेची कीर्ती दोन गोष्टींनी झाली, तंतुवाद्यांनी आणि रुग्णालयांनी. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी येथे रुग्णालय उघडले, पुढे त्याच्याच आश्रयाने परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. पांढऱ्या साडीतली सिस्टर पाहतच आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. पण त्या सिस्टरचे शिक्षण कोणाच्या पैशाने झाले, हे आपण सहसा विचारीत नाही.

जुनी रीत अशी होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघाली. तेथे शिकणाऱ्या मुलीला राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड मिळत. त्या बदल्यात ती वॉर्डात राबे, आणि नेमतील तेथे काही वर्षे नोकरी करण्यास बांधलेली असे. पुढे हीच रीत जगभर पसरली. तीत पिळवणूक होतीच. शिकाऊ मुलगी म्हणजे स्वस्त मजूर असा तिचा वापर सर्रास झाला. पण एक गोष्ट खरी, ती मुलगी कर्जबाजारी होऊन बाहेर पडत नसे. आज शिकविणारी संस्था पैसे घेते, वॉर्डातील कामही करून घेते, आणि बाप बँकेच्या दारात उभा राहतो. शिक्षणाचा दर्जा वाढला, मुलीला विद्यापीठाची पदवी मिळू लागली, हे चांगलेच झाले. मात्र खर्चाचा बोजा रुग्णालयाच्या खांद्यावरून उतरून घराच्या खांद्यावर आला, याची नोंद कोणी ठेवली नाही.

आता आकडे. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी आणि तीन वर्षांची जी.एन.एम. ही पदविका, असे दोन मुख्य मार्ग आहेत. पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते; पदविकेचे दार कला शाखेच्या मुलीलाही उघडे असते. समजा, एका पानमळेवाल्याच्या मुलीने पदवीला प्रवेश घेतला आणि फी, वसतिगृह, गणवेश धरून वर्षाला एक लाख रुपये लागले. चारही लाख बँकेचे, व्याज दहा टक्के. असे कर्ज बहुधा तारणाशिवाय मिळते, आईबाप सहकर्जदार होतात, आणि शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. येथेच पुष्कळ जण फसतात. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज चढते, दुसऱ्यावर चार वर्षांचे, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. हे सरळ व्याज झाले १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरावयाच्या दिवशी कर्ज चार लाखांचे नसून ५ लाख ४० हजारांचे असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याला सुमारे ७,१४० रुपये. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ५,८०० वर येतो, पण एकूण भरणा होतो जवळजवळ साडेदहा लाख. ज्यांनी सोसायटीचे पीककर्ज फेडले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण मुलीच्या शिक्षणाचा फॉर्म भरताना तेच शेतकरी हा गुणाकार करीत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

हा हप्ता कोणत्या पगारातून जाणार? महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत ३५,४०० पासून सुरू होते, एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत ४४,९०० पासून, भत्ते निराळे. तेथे ७,१४० चा हप्ता मूळ वेतनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे सहज पेलणारा आहे. पण माहितीपत्रकातील हा पगार वाचून कर्ज काढणाऱ्याने हेही पाहावे की त्या जागा थोड्या आणि परीक्षेला बसणाऱ्या मुली फार. बहुतेकींची पहिली नोकरी खासगी रुग्णालयात लागते. खासगी परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने समिती नेमण्यास सांगितले, आणि त्या समितीने म्हटले की पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० च्या खाली पगार असू नये. दोनशेंहून अधिक खाटांच्या ठिकाणी तो सरकारी पगाराइतका असावा. ही शिफारस होती, कायदा नव्हे. केरळात परिचारिका संपावर गेल्या, रस्त्यावर आल्या, तेव्हा २०१८ साली तेथे २०,००० च्या किमान वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्याकडे लहान रुग्णालयात नवख्या मुलीच्या हातात काय पडते, ते या सभेत बसलेल्या पुष्कळांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. वीस हजारांतून हप्ता गेला तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गेला. आणि समजा, बारा हजारच मिळाले, तर खोलीभाडे आणि खानावळ भागवून घरी पाठविण्याची गोष्ट राहू द्या, घरूनच पैसे मागवावे लागतील.

मग पदवी नको, पदविकाच बरी, असे आम्ही म्हणतो काय? तसे नाही. पण पदवी कशासाठी, हे आधी ठरवावे. वॉर्डातील सरकारी जागेसाठी दोघीही पात्र असतात आणि दोघींना वेतनश्रेणी एकच मिळते. एम्सच्या भरतीत फरक पडतो. तेथे पदवीधर मुलगी अनुभवाशिवाय बसू शकते; पदविकावालीला पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. आता मोजून पाहा. एक चार वर्षांनी पात्र होते, दुसरी तीन अधिक दोन अशी पाच वर्षांनी. अंतर एका वर्षाचे, आणि दुसरीने त्यांतील दोन वर्षे पगार घेतलेला असतो, थोडा का असेना. शिवाय पुढे नोकरी सांभाळून पैसे साठवून तिला दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेता येते. जिला शिकविण्याकडे जावयाचे आहे, एम.एस्सी. करावयाची आहे किंवा परदेशी जावयाचे आहे, तिने मात्र पदवीच धरावी. तेथे ती वर्षे वाया जात नाहीत.

परदेशाबद्दल एक सावधगिरी. आखाती देशांसह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती २०१५ पासून सरकारने ठरविलेल्या संस्थांमार्फतच होते. मान्यताप्राप्त भरती एजंटालाही उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक शुल्क घेता येत नाही. कोणी दोन-तीन लाख मागू लागला तर त्याच्याकडून उठून यावे. शिक्षणाच्या कर्जावर एजंटाचे कर्ज चढले की मुलगी कोणत्याही देशात गेली तरी सुटत नाही.

कर्ज काढण्यापूर्वीच ते कमी करता येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शासन भरते. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा. खासगी अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागा यातून वगळल्या आहेत. घराजवळची जागा हवी म्हणून फेरी सोडून कोट्यातून प्रवेश घेणारा बाप ही सवलत आपल्या हाताने टाकून देतो. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या शिष्यवृत्त्या निराळ्या आहेत, त्यांची चौकशी समाजकल्याण व आदिवासी विकास विभागांकडे करावी.

आणखी एक गोष्ट, ती बोलावयास थोडी अवघड आहे. कर्ज मुलीच्या नावावर असते. लग्न ठरताना दोन्हीकडची मंडळी सर्व बोलतात, पण हा हप्ता कोण भरणार ते बोलत नाहीत. सासरी रात्रपाळी चालत नाही म्हणून मुलीने नोकरी सोडली, आणि वर्षभरात सहकर्जदार म्हणून म्हाताऱ्या बापाला बँकेचे पत्र आले, असे घडते. बापाने लग्नाच्या बोलणीतच कागद पुढे ठेवावा. ज्यांना कमावती सून हवी त्यांनी तिचा हप्ताही पाहून घ्यावा; यात लाजण्यासारखे काय आहे ते आम्हांस कळत नाही.

प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टी विचाराव्या. मुलींना शिकावयास मिळणारे रुग्णालय किती खाटांचे आहे, आणि मागल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या मुली आज कोठे, किती पगारावर आहेत. दुसऱ्या प्रश्नाला कार्यालयात उत्तर मिळाले नाही, तर वसतिगृहात शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारावे. त्या खरे सांगतात. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारी नोकरी असेल तर ती का सोडता येत नाही, हेही त्या सांगतील.

आणि बँकेत जाल तेव्हा शिक्षण चालू असतानाच व्याज भरण्याची सोय मागून घ्या. पहिल्या वर्षी ते महिना ८३३ रुपये पडते, चौथ्या वर्षी ३,३३३ पर्यंत जाते. पहिला हप्ता येईपर्यंत ते भरीत राहिलात तर कर्ज चार लाखांचे चार लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता ७,१४० ऐवजी ५,२९० च्या आत बसतो. असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला पुष्कळ बँका दरातही एक टक्क्याची सूट देतात. पण ती मागावी लागते. म्हशीच्या दुधाचे किंवा पानाच्या डागाचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवता येतात काय, ते ज्याचे त्याने घरी बसून पाहावे. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. प्रश्नांसाठी वेळ हवा, तेव्हा येथे थांबतो.