डेव्हलपर गायब, वेबसाइट कुणाची?

२०२४ मध्ये आपला अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. दुकानाची पाटी बदलली, बिलबुक बदललं. वेबसाइटवर मात्र जुनाच पत्ता, कारण पासवर्ड डेव्हलपरकडे आणि त्याचा फोन लागत नाही!

आधी 'हूइज'वर डोमेन टाका. रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, ते कळेल. मग जुने ईमेल आणि पावत्या शोधा. डोमेन तुमच्या नावावर असेल, तर ओळखपत्र देऊन रजिस्ट्रारकडे ताबा मागा. डेव्हलपरच्या नावावर असेल, तर काम अवघड.

डोमेन हातात आलं की होस्टिंग नवं घेता येतं. जुना मजकूर बऱ्याचदा वेबॅक मशीनवर सापडतो. म्हणून साइट कुणीही बनवू दे, डोमेन आपल्याच नावावर आणि आपल्याच ईमेलवर घ्यायचं. मुदत संपायच्या आत बघा बरं का!