कुरणातील रुंद पानांची तणे आणि निवडक तणनाशके

(सरपंच, पंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाजर गवत हे गवत नव्हे. लोकांनी त्याला गवत म्हटले, कोठे चटक चांदणी हे नाजूक नावही दिले. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते सूर्यफूल व झेंडू यांच्या कुळातील रुंद पानांचे झुडूप होय. याउलट मारवेल, पवना, डोंगरी, अंजन आणि कुसळी ही खरी गवते. ज्वारी, बाजरी व भात यांचे ते भाऊबंद. गुराख्याला हा भेद सांगण्याचे पूर्वी कारण पडत नसे, कारण गुरे तो आपण होऊन ओळखतात. ती मारवेल खातात आणि गाजर गवत टाळतात. आता मात्र हाच भेद ओळखणारे रसायन बाजारात मिळते. ते गायरानावर वापरावे काय, हा प्रश्न अनेक ग्रामपंचायतींपुढे येत असल्याने भेद नीट समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

महाराष्ट्रात या तणाची दखल प्रथम १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात घेतली गेली. त्याचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असा समज रूढ आहे. ते कसेही आले असो, त्याचा पुढील प्रवास फार वेगाने झाला. एका जोमदार झाडापासून हजारो बिया तयार होतात. त्या इतक्या हलक्या असतात की वारा, पाणी, गाड्यांची चाके व गुरांचे खूर यांच्यासोबत त्या सहज पसरतात. रोप उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते आणि ओलावा मिळाला तर वर्षाच्या कोणत्याही ऋतूत उगवते. गुरांनी नाइलाजाने ते खाल्ले तर दुधाला कडवट चव येते. माणसांना त्याच्या स्पर्शाने त्वचारोग जडतो आणि परागकणांमुळे शिंका व दमा यांचा त्रास होतो. उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या स्त्रियांच्या हातांकडे पाहिले म्हणजे हा केवळ चाऱ्याचा प्रश्न नाही, हे ध्यानात येते.

तथापि एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. दाट, निरोगी गवतात गाजर गवताला सहसा शिरकाव मिळत नाही. मारवेलाचे ठोंब एकमेकांस भिडलेले असतील तर रोपाला ऊनच पोहोचत नाही. बारमाही चराईने ठोंब खुरटतात, मध्ये उघडी जमीन दिसू लागते आणि त्या रिकाम्या जागेवर पहिला हक्क तणाचा ठरतो. गुरे गवत खातात व तण सोडतात, त्यामुळे दरवर्षी गवत हटते आणि तण सरकते. म्हणजे फवारणी हा उपचार खरा, पण रोगाचे मूळ चराईत आहे.

रुंद पानांच्या तणांवर चालणारे सर्वांत परिचित तणनाशक म्हणजे २,४-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व अमेरिकेत त्याचा शोध लागला आणि युद्ध संपताच ते शेतीत आले. वनस्पतींच्या शरीरात वाढीचे नियमन करणारे जे संप्रेरक असते, त्याची ही कृत्रिम नक्कल. पानांवाटे आत शिरून ते शेंड्यापर्यंत व मुळापर्यंत पोहोचते. तेथे पेशींची वाढ बेबंद होते. देठ पिळवटतात, पाने वेडीवाकडी होतात, अन्नरसाच्या वाहिन्या कोंडतात आणि झाड काही दिवसांत मरते. गवत मात्र यातून वाचते. त्याची पाने अरुंद व उभी असल्याने थेंब ओघळून जातात. त्याचा वाढीचा कोंब बुंध्याशी, पानांच्या आवरणात सुरक्षित असतो. शिवाय गवतवर्गीय वनस्पती हे द्रव्य आपल्या पेशींत निरुपद्रवी करून टाकू शकतात. हाच निवडकपणा. तो सापेक्ष आहे, एवढे विसरू नये. नुकतेच रुजलेले कोवळे गवत किंवा अतिरिक्त मात्रा असेल तर गवतालाही इजा होते.

येथे भाषेचा एक घोटाळा होतो आणि तो महाग पडतो. दुकानात जाऊन कोणी ‘गवत मारायचे औषध’ मागितले, तर त्याच्या हाती ग्लायफोसेटसारखे अनिवडक तणनाशक पडण्याचा संभव असतो. ते हिरवे दिसेल ते मारते. त्याने गाजर गवत मरते आणि मारवेलही मरते. पुढच्या पावसात उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिल्याने उगवते ते गाजर गवतच, कारण मातीत त्याच्या बियांचा साठा वर्षानुवर्षे टिकून असतो. कुरण साफ करण्यासाठी खर्च करून पंचायतीने कुरणच घालवावे, असा हा प्रकार. मिठाच्या तीव्र द्रावणाचीही शिफारस काही ठिकाणी केली जाते. पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला ते ठीक, पण कुरणात मिठाने गवत करपते व जमीनही बिघडते. यास्तव खरेदी करताना घटकद्रव्याचे नाव वाचूनच घ्यावे.

२,४-डी तीन रूपांत मिळते : सोडियम क्षाराची ८० टक्के भुकटी, अमाइन क्षाराचे ५८ टक्के द्रावण आणि इथाइल एस्टरचे ३८ टक्के द्रावण. तिन्हींत क्रियाशील द्रव्य निरनिराळ्या प्रमाणात असल्याने ‘एका पंपाला एवढी झाकणे’ हा गावठी हिशेब एका रूपासाठी बरोबर असला तरी दुसऱ्यासाठी चुकतो. हेक्टरी १ किलो क्रियाशील द्रव्य हवे असेल तर ८० टक्के भुकटी सव्वा किलो लागते. द्रावणांचा हिशेब याहून वेगळा. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाने तणनाशकांचाही कीटकनाशकांत समावेश केला आहे, त्यामुळे वेष्टनावर छापलेले उपयोग व मात्रा हा केवळ सल्ला मानता येत नाही. नेमकी मात्रा कृषी अधिकाऱ्याकडून लिहून घ्यावी. उन्हात वाफ होऊन दूर पसरण्याचा दोष एस्टरमध्ये अधिक असतो, म्हणून वस्तीलगतच्या कुरणात ते टाळलेले बरे.

फवारणीची वेळ जून-जुलैच्या पावसानंतर, रोपे चार-सहा पानांवर असताना साधावी. फुलोरा आल्यावर फवारणे म्हणजे बी पडल्यावर चोरामागे धावणे होय. वारा पडलेला असावा आणि पुढील काही तास पावसाची चिन्हे नसावीत. घाणेरीसारख्या काष्ठमय झुडपांवर या फवारणीची मात्रा फारशी चालत नाही. ती मुळासकट खणूनच काढावी लागतात. जेथे मेक्सिकन भुंग्यांनी गाजर गवताची चाळण केली असेल, तेथे तर फवारूच नये. १९८४ मध्ये बंगळूरजवळ प्रथम सोडलेले हे भुंगे पावसाळ्यात फुकट काम करतात.

रुंद पानांचे सारेच तण नव्हे, ही बाब अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटते. पावसाळ्यात याच गायरानातून टाकळा व कुर्डू यांची भाजी गोळा होते आणि ती गोळा करणाऱ्या बहुधा गावातील सर्वांत गरीब घरच्या स्त्रिया असतात. २,४-डी टाकळ्याला ओळखत नाही. चारा सुधारावा म्हणून पेरलेला स्टायलो हाही द्विदल असल्याने तो फवारणीत जातो. म्हणून सरसकट फवारण्यापेक्षा तणाच्या पट्ट्यांवर व पुंजक्यांवर नेमकी फवारणी करावी, आदल्या दिवशी दवंडी द्यावी आणि भाजीची जागा राखून ठेवावी. शाळेतील मुलांकडून अशा जागांचा साधा नकाशा करून घेणे शिक्षकांना सहज शक्य आहे. मुलांना फवारणीच्या जवळपास मात्र येऊ देऊ नये.

शेजारच्या शिवारात कापूस, टोमॅटो अथवा द्राक्षबाग असेल तर धोका दुप्पट. ही पिके २,४-डीला कमालीची हळवी आहेत. वाऱ्याबरोबर गेलेल्या तुषारांनीही त्यांची पाने पंजासारखी आकसतात. त्याहून वारंवार घडणारी चूक म्हणजे पंप. तणनाशकाचा पंप विसळून तोच कापसावर कीटकनाशकासाठी वापरला जातो आणि उरलेल्या अंशाने उभे पीक वाकते. पंचायतीने तणनाशकासाठी एक पंप वेगळा ठेवून त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे.

फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे दिल्याशिवाय काम सुरू करू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. ती औषधे वेगळी होती, पण निष्काळजीपणा सर्वत्र एकच असतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने वापरलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये २,४-डी होते काय, असे कोणी विचारील. होते. त्यातील कुप्रसिद्ध डायॉक्सिन हे मात्र जोडीच्या २,४,५-टी या द्रव्यातून आलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये २,४-डीला ‘संभवतः कर्करोगकारक’ या गटात ठेवले, हेही ग्रामसभेपासून लपवू नये. सामान्यतः ते मातीतील सूक्ष्मजीवांकडून काही आठवड्यांत विघटित होते. विहीर, तलाव व ओढे यांपासून दूर राहण्याची दक्षता तरीही घेतलीच पाहिजे.

फवारणीनंतर गुरे लगेच सोडू नयेत. सुकत चाललेली काही विषारी झुडपे त्या अवस्थेत गुरांना चवदार लागतात आणि एरवी न खाल्लेले ती खाऊन बसतात. मोकळ्या झालेल्या जागी मारवेलाचे ठोंब लावावेत किंवा पवना-डोंगरीचे बी फेकावे आणि तो तुकडा गवताचे बी पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या सुमारापर्यंत, बंद ठेवावा. गवत नंतर कापून न्यावे.

बंदी घालणे कागदावर सोपे असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गुरचरणासाठी राखलेली जमीन साऱ्या गावाची. पण बंदीचा पहिला चटका बसतो तो दोन-चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीनाला. ज्याच्या गोठ्यात कडबा आहे त्याला चार महिने थांबता येते, याला येत नाही. म्हणून कुरणाचे तीन-चार भाग पाडून एका वर्षी एकच भाग फवारावा व बंद करावा, बाकीचे खुले ठेवावेत. आणि बंद भागातील कापलेल्या गवताचा पहिला वाटा या कुटुंबांना मिळेल, असा ठराव ग्रामसभेने फवारणीचा खर्च मंजूर करण्यापूर्वी, त्याच बैठकीत करावा.