माझ्याकडचं संपलं

(गावच्या वसंत व्याख्यानमालेतील सातवे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



हस्तपत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'कलावंताच्या जडणघडणीत गुरूचे स्थान'. कार्यवाहांनी फोन केला तेव्हा मी 'चालेल' म्हणालो, कारण मला त्या क्षणी दुसरा विषय सुचला नाही. पण 'स्थान' म्हटलं की मला धास्ती वाटते. स्थान आलं की पाट आला, पाटावर गुरू आले, हार, श्रीफळ आलं आणि व्याख्यान आटोपलं. ते गुरुपौर्णिमेला होईलच, तेवढा धीर धरा. आज मी गुरू शिष्याला घराबाहेर कसा काढतो, त्याबद्दल बोलणार आहे. (हशा)

मी बत्तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो. ड्रॉइंगचा तास म्हणजे काय, ते या गावाला सांगायला नको. सहामाही जवळ आली की गणिताचे सर दारात येऊन विचारणार, 'मास्तर, आजचा तास देता का?' आणि आपण देणार. तिसऱ्या रांगेत गणिताचे एक सर बसलेत, ते आता पंख्याकडे बघतायत. तर असे तास उसने देऊन मी स्टाफरूममध्ये बसायचो आणि विचार करायचो. त्यातून एक मत झालं. आता या वयात ते बदलणार नाही. गुरू किती मोठा हे मी एवढ्यावरूनच ठरवतो, की 'माझ्याकडचं संपलं, आता तू अमक्याकडे जा' हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालंय का.

भीमसेन जोशी गदगच्या घरातून कसे पळाले, अब्दुल करीम खाँसाहेबांची ती रेकॉर्ड, बिनतिकीट रेल्वे, ग्वाल्हेर, खरगपूर, कलकत्ता, दिल्ली, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मी एकदम जालंधरला उतरतो. तिथे हरिवल्लभचा संगीत मेळा भरतो. त्या मेळ्याला पुण्याहून विनायकबुवा पटवर्धन आले होते. बुवा विष्णु दिगंबरांचे शिष्य, आणि १९३२ साली त्यांनी पुण्यात स्वतःचं गांधर्व महाविद्यालय काढलेलं. समोर कोण, तर गाण्यापायी अर्धा हिंदुस्थान पालथा घातलेलं मिसरूड न फुटलेलं पोर. तुम्ही-मी काय केलं असतं? 'चल पुण्याला, उद्यापासून नाव घालतो.' विद्यालय नवं, मुलं हवीच असतात. बुवांनी त्याला सांगितलं की तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. म्हणजे बघा, ग्वाल्हेर घराण्याचा माणूस हाती आलेलं पोर किराणा घराण्याच्या दारात नेऊन सोडतोय! १९३६ साली भीमसेन परतले, रामभाऊंनी, म्हणजे सवाई गंधर्वांनी, त्यांना पदरात घेतलं. पुढचं पुन्हा तुम्हाला पाठ आहे. त्या गुरूच्या नावाने १९५३पासून पुण्यात महोत्सव होत आलाय. मी त्या मांडवात कितीदा बसलोय. प्रत्येक वेळी शेजाऱ्याला विनायकबुवांची आठवण करून देतो, आणि प्रत्येक वेळी शेजारी म्हणतो, 'शू, आलाप चाललाय.'

काय म्हणालात? जरा मोठ्याने. 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' बरोबर. हे कुणीतरी म्हणणार याची मला खात्रीच होती. आपण तबल्याचे वर्ग घेता ना? गंडा बांधता? बांधा, बांधा, माझं काही म्हणणं नाही. माझा तबल्यावर राग नाही. पण आता आपण केसरबाईंचं नाव पुढे करणार, म्हणून आधी मीच करतो.

केसरबाई केरकरांनी १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला आणि १९४६मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत दुसऱ्या दाराकडे पाहिलं नाही. एका जागी बसल्या म्हणून केसरबाई केसरबाई झाल्या, असंच आपलं म्हणणं ना? मान्य. पण गंडा बांधला तेव्हा बाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्याआधीचा हिशेब कुणी धरत नाही. लहानपणी कोल्हापुरात आठ महिने अब्दुल करीम खाँसाहेब. मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे. मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ, काही महिने भास्करबुवा बखले. चार घरचं पाणी पिऊन बाई पाचव्या विहिरीवर आल्या आणि मग तिथे बसल्या. आणि स्वतः गुरू व्हायची वेळ आली तेव्हा? दाराला आतून कडी. शिष्या म्हणून पुढे नाव घ्यावं तर धोंडूताई कुलकर्णींचं, आणि त्यासुद्धा आधी भुर्जीखाँसाहेबांकडे शिकून आलेल्या. बाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला. शेजारच्या खोलीत मात्र तो जेमतेम पोचला.

तुम्ही मान हलवताय. हलवा. पण त्याच घराण्यातल्या माईंकडे बघा. मोगूबाई कुर्डीकरांना ही गायकी कसल्या हालअपेष्टांतून मिळाली, ते इथे बसलेल्या कुणालाही मी नव्याने सांगायचं कारण नाही. एवढ्या कष्टाने मिळालेलं माणूस तिजोरीत ठेवतं. माईंनी आपल्या मुलीला, किशोरीला, आधी स्वतःच्या हाताखाली घोटून घेतलं. घोटण्याबद्दल माझी तक्रार नाही, घोटल्याशिवाय काही होत नाही. पण नंतर ती मुलगी अंजनीबाई मालपेकरांकडे शिकली. अंजनीबाई भेंडीबाजारच्या! जयपूर-अत्रौलीची लेक भेंडीबाजारात मींड शिकतेय, आणि आई हे होऊ देतेय. पुढे किशोरीताईंचं गाणं ऐकून जाणकार नाक मुरडू लागले, की हे काही जयपूर नव्हे. ते माईंच्या कानाला कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला?

आणि देवधर मास्तर. सुळेभावीचा शिवपुत्र, म्हणजे आपले कुमार गंधर्व, अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईत ऑपेरा हाउसपाशी त्यांच्या शाळेत आला. तो रेकॉर्डवरचं कुणाचंही गाणं हुबेहूब गाऊन दाखवायचा. लोक टाळ्या पिटत, पदकं देत. अशा मुलाला काय शिकवणार? देवधर स्वतः विष्णु दिगंबर पलुसकरांच्या तालमीतले, पण पाश्चात्त्य संगीतही शिकलेले, आणि सिंदेखाँसारख्या फकिरी वृत्तीच्या गवयाच्या मागे फिरून चिजा जमवणारे. त्यांच्या शाळेत सगळ्या घराण्यांचे गवई यायचे, बसायचे, गायचे. मुलाच्या कानावर इतके आवाज पडले, की नक्कल करायला त्यांतला कुठलाही एक पुरेना. हे माझं म्हणणं आहे, देवधरांचं नव्हे.

यावरून माझ्या शाळेतलं एक सांगतो. दोन मिनिटांत.

आमच्या ड्रॉइंगच्या सरांचं नाव घेत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. एलिमेंटरीच्या तयारीला ते स्टुलावर पितळी तांब्या ठेवायचे, त्याला टेकून एक वांगं, मागे घडी पडलेला पंचा. बहुतेक मास्तर पोराच्या कागदावर आपली पेन्सिल चालवतात. मीही पुढे चालवली. चित्र सुधारतं, पोराच्या हाताला मात्र काही कळत नाही. सर आमच्या कागदाला बोट लावत नसत. मागे येऊन उभे राहायचे. तांब्याच्या गळ्याचा आणि पोटाचा मेळ बसला नसेल तर म्हणायचे, 'ह्या तांब्यातलं पाणी सांडणार.' आणि पुढच्या बाकाकडे जायचे. आपण तासभर बघत बसायचं, पाणी कुठून सांडतंय.

इंटरमिजिएटला मला ए ग्रेड आली. मला वाटलं, सर आता पाठ थोपटतील. ते म्हणाले, 'माझ्याकडचं संपलं. अक्षरात तू कच्चा आहेस, आणि त्यात मीही कच्चाच आहे. चल.' आम्ही बाजारपेठेत गेलो. तिथे एक बोर्ड रंगवणारा पेंटर होता. शिक्षण चौथी. ट्रकच्या पाट्या, दुकानांचे फलक, निवडणुका आल्या की भिंती. सरांनी त्याच्या दुकानाच्या पायरीखाली चपला काढल्या. त्या काळी हायस्कुलातला मास्तर म्हणजे कोण, हे तुमच्यातल्या पिकल्या केसांना आठवत असेल. पेंटर गडबडून उठला, 'सर, वर या, वर या.' सर खालीच उभे. म्हणाले, 'हे पोरगं तुमच्याकडे बसू दे.'

दोन महिने मी नुसते रॉकेलमध्ये ब्रश धुतले आणि पत्रे घासले. मग दोरा. दोऱ्याला खडूची पूड चोळायची, पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, मधोमध चिमटीत धरून सोडायचा. टप्! रेघ उमटली. मग काठी. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा बोळा. बोळा पत्र्यावर टेकवायचा आणि काठीवर उजवं मनगट. काना वरून खाली एका दमात ओढायचा, मध्ये श्वास घेतला की रेघ पोट काढते. मी शाळेत आधी शिरोरेघ मारून घ्यायचो. पेंटर ओरडला, 'अक्षरं काय धुणं आहे का, आधी दोरी बांधायला?' शिरोरेघ सगळ्यात शेवटी. 'किराणा व भुसार' हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील! 'भु'चा उकार खालच्या रेघेबाहेर पडतो, त्याची सोय पहिला 'कि' लिहितानाच करावी लागते. नाहीतर मालकाचं नाव लिहायला जागा उरत नाही आणि मालक पैसे देत नाही. रचना म्हणजे काय हे मी पुढे पुस्तकांत वाचलं, पण मला ती त्या उकारात समजली होती.

वर्षभराने तो पेंटर म्हणाला, 'माणसाचा चेहरा काय आपल्याला जमत नाही. कोल्हापूरला जा.' बघा! चौथी शिकलेला माणूस. त्याला कुणी सांगितलं होतं असं म्हणायला?

कोल्हापूरच का, ते सांगत बसत नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, कितीतरी नावं तुमच्या ओठांवर आहेत. बाबूरावांवरून आठवलं. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले, १९२९ साली बाहेर पडले आणि 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली. तिथे कुणी कुणाला पाठवलं नव्हतं. वेळ झाली की शिष्य निघतातच. मग गुरूने उंबऱ्यापर्यंत सोडायला यावं की आतल्या खोलीत बसून राहावं, एवढाच प्रश्न...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अहो, दोन मिनिटांची गोष्ट होती ती! (हशा) काल इथले वक्ते दहापर्यंत बोलले असं ऐकतो. असो, ते आर्थिक विषयावर होते.

इंदूरच्या देवळालीकर मास्तरांसाठी मी वीस मिनिटं राखून ठेवली होती, ती गेली. नुसती नावं ऐका. बेंद्रे, हुसेन, विष्णु चिंचाळकर, डी. जे. जोशी. एकाच मास्तरांचे विद्यार्थी. चौघांची चित्रं एका भिंतीवर लावा आणि हे एका वर्गातून उठून गेलेत असं कुणाला ओळखता येतं का बघा. बेंद्रे पुढे १९५०पासून सोळा वर्षं बडोद्यात शिकवत होते. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख हे तिथलेच. त्यांच्यातही दुसरा बेंद्रे सापडायचा नाही. यावर मी स्लाइड आणल्या होत्या. प्रोजेक्टर चालत नाही असं सायंकाळी सांगण्यात आलं. असू दे.

अध्यक्ष उठायच्या बेतात आहेत. पण एक राहिलं, आणि ते न सांगता खाली उतरलो तर तासभर मी तुम्हाला फसवलं असं होईल.

माझ्या हाताखाली एक मुलगा होता. जलरंगात पाणी कधी थांबवायचं हे त्याला न शिकवता कळायचं. तसं मला आजही कळत नाही. नववीत असताना त्याचे मामा आले, म्हणाले, 'सर, याला पुढे कुणाकडे पाठवू?' कुणाकडे ते मला ठाऊक होतं. एसटीने दोन तासांवर जलरंगाचा जाणता माणूस राहत होता, माझा स्नेही. मी म्हणालो, 'अजून दोन वर्षं राहू द्या माझ्याकडे. हात अजून बसायचाय.' हात बसलेला होता. आंतरशालेय स्पर्धेची ढाल त्याच्या चित्रांवर आमच्या शाळेत येत होती, पेपरात त्याच्या शेजारी माझा फोटो येत होता. दोनाची पाच वर्षं झाली. मी त्याच्या कागदावर माझा ब्रश चालवायचो आणि तो मान डोलवायचा.

आज तो शेजारच्या तालुक्यात ड्रॉइंग मास्तर आहे. गुणी आहे, मुलांचा लाडका आहे. गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन येतो, वाकून नमस्कार करतो. मागच्या वर्षी येताना स्वतःचं एक चित्र फ्रेम करून घेऊन आला. नदीचा घाट, पहाटेचं धुकं. तो गेल्यावर मी ते बैठकीत लावलं. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'हे तुम्ही कधी काढलंत?'

सही खाली उजव्या कोपऱ्यात आहे. चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही.