कानांआधी डोळ्यांनी भेटलेली भाषा



उज्जयिनीतील मराठी घरातले मूल शासकीय शाळेत जाऊ लागते, तेव्हा घरची मराठी, गल्लीतली माळवी आणि वर्गातली हिंदी या तिन्ही भाषा ते सहज बोलू लागते. पुढे संस्कृतही निभावून नेते. असे मूल इंग्रजीपाशीच का अडावे? बुद्धी कमी पडते, हे उत्तर येथे टिकत नाही.

पहिल्या तिन्ही भाषा त्याला कानांनी मिळाल्या. संस्कृतची लिपी ओळखीची आणि स्तोत्रे घरात ऐकलेली. इंग्रजी मात्र थेट पुस्तकातून, डोळ्यांनी भेटते. आणि तेथे डोळेच फसवितात. देवनागरीने लिहिले तसे वाचावयास शिकविलेले असते. 'बट' आणि 'पुट' यांतील स्वराला अक्षर एकच, उच्चार मात्र दोन. 'नाइफ'च्या आरंभी एक मुके अक्षर उभे! असे का, या प्रश्नाला 'पाठ कर' हेच उत्तर बहुधा मिळते. वाक्यातही तेच. आपल्या भाषांत क्रियापद शेवटी येते, 'टेबलावर' मधला 'वर' नामामागून येतो. इंग्रजीत दोन्हींची जागा उलट. 'अ' आणि 'द' या उपपदांना तर आपल्याकडे जोडच नाही.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. पुस्तक रुक्ष खरे, पण मराठीचा हात धरून ते पलीकडे नेई. येथील मराठी मुलाला इंग्रजी गाठावी लागते ती हिंदीच्या वाटेने. शिक्षक धडा वाचतात, हिंदीत अर्थ सांगतात, उत्तरे फळ्यावर लिहून देतात. ती परीक्षेत उतरतात. पण पाणी मागण्याचे साधे वाक्य तोंडून निघत नाही. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. तेही याच रीतीने शिकले आणि जनगणना, निवडणूक यांची कामेही त्यांच्याच माथी.

महाराष्ट्राने २००० साली इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आणली. आरंभ अलीकडे ओढला म्हणून भाषा कानांवर पडू लागते असे नाही. मध्य प्रदेशाने २०२२ साली वैद्यकीच्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत काढली, हे स्वागतार्हच. तथापि पुढील संशोधनपर वाचन बव्हंशी इंग्रजीतच करावे लागते. हिंदीतून उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी तेथे मुका होतो.

या भयाने पालक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. मग घरातली मराठी बोलण्यापुरती उरते, वाचण्याची राहत नाही; आणि मराठी ग्रंथालयाच्या बालविभागात धूळ साचते. इंग्रजीचा प्रश्न ग्रंथालयाच्या दाराशी येतो तो असा.

बालविभागात आठवड्यातून एक तास पुरेल. निवृत्त शिक्षकाने किंवा शिक्षिकेने चित्रांचे एखादे इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचावे, तीच गोष्ट मराठीतून सांगावी, पुन्हा इंग्रजीतून वाचावी. शासकीय शाळेतील मुलांना त्यासाठी वर्गणी नसावी. परीक्षा तर नकोच.